सत्यभामेचं बारसं

आमच्या पडेगावच्या गल्लीत बारशी लई झाली. आमची पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं कुणाच्या घरी पाळणा हलणार हे बाळंतिणीच्या आधी मला कळतं, असं लोक म्हणतात. त्यात थोडं खोटं आहे. पण पाळणा लोखंडी अँगलचा, वाळूजच्या कारखान्यात वेल्डिंग मारलेला, आणि त्यात बसणारी तिशी उलटलेली, पान खाणारी, गिरणीवाल्यांपेक्षा भरदार आवाजाची, असं बारसं एकच झालं. गिरणीवाले म्हणजे आमचे हे. मी नाव घेत नाही त्यांचं, आणि उखाण्यातही टाळत आले. ते बारसं झालं सत्यभामेचं. त्यानंतर मी कुठल्याच बारशाला निर्धास्त बसले नाही. घुगऱ्या मात्र खाते.

सत्यभामा आमच्या पाठीमागच्या खोलीत राहायला आली, तेव्हा मी भिंतीवरून रीतीप्रमाणं चौकशी केली.

"मालक काय करतात तुमचे?"

"मीच मालक, मीच मालकीण," ती म्हणाली. "भांडायला तिसरं कुणी ठेवलंच नाय."

आवाज ऐकून माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं ते बघितलं आणि हसली. "भिऊ नका वैनी. टाळीचे पैसे परक्याला. शेजाऱ्याला फुकट." आणि वाजवली. तळहातावर तळहात आडवा, बोटं फाकलेली. आत गिरणीवाले दळण टाकून पळत आले. त्यांना वाटलं पट्टा तुटला.

मग ती रोज यायची. दळण असो नसो. आमच्या गिरणीत बातमी आधी दळली जाते आणि ज्वारी मागून, त्यामुळं तिची हकिकत गल्लीला कळायला वेळ लागला नाही. पिशोरकडं मेंढरं राखणारं घर. हिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली. म्हणून ही जन्मली तेव्हा आत्यानं, आक्काबाईनं, बारशाला कानात नाव सांगितलं: कडूबा. तोंडात घेतलं की थुंकावंसं वाटेल असं नाव. लेकरं नेणारी जी कुणी आहे ती चव बघंल आणि टाकून देईल, असा आत्याचा हिशेब. आक्काबाई त्या नेणारीचं नाव कधी घेत नाही. नुसतं "ती" म्हणते, आणि म्हणताना दाराकडं बघते.

कडूबा जगला. वाळूजला कंपन्या आल्या तेव्हा गावच्या पोरांबरोबर पॅकिंगला लागला. पॅकिंगच्या पोरांनी त्याच्या चालीवरून, भुवयांवरून, पाणी पिण्यावरूनसुद्धा चेष्टा करत दिवस काढले. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा तिथंच ठेवून कडूबा जो उठला तो शहरात जहांआराच्या घरी जाऊन थांबला. जहांआरा तिथल्या हिजड्यांची गुरू. तिनं साडी नेसवली, टाळी शिकवली आणि विचारलं, नाव काय ठेवू? हा म्हणाला, काहीही ठेव, कडू नको. तेव्हापासून सत्यभामा. रुसण्याचं कामही लगेच जमलं.

काम तरी काय, तर बारशाला, लग्नाला जाऊन आशीर्वाद देणं. गल्लीत कुठल्याही लेकराला नाव ठेवलं की पहिली टाळी हिची. हिचं स्वतःचं नाव मात्र सरकारी कागदावर कुठंच नव्हतं.

याचं तिला काही वाटत नव्हतं. जहांआरा आजारी पडेपर्यंत.

जहांआराला दवाखान्यात नेलं तेव्हा केसपेपरवर जुनं नाव आलं, पुरुषाचं. पुरुषांच्या वॉर्डातल्या लोकांनी गलका केला, ही बाई इथं नको. बायकांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, कागद पुरुषाचा आहे, इथं कशी घेऊ? खाट इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी व्हरांड्यात ठेवली, दोन दारांच्या मध्ये. जहांआरा तिथंच गेली. माणसं अजून वाद घालत होती.

तिकडून आल्यावर सत्यभामा गिरणीत बसली, पीठ अंगावर उडत होतं तरी हलली नाही. मी काहीतरी थट्टा करून बघितली. ती म्हणाली, "वैनी, मला दवाखाना लागायच्या आधी माझं नाव कागदावर पायजे. माझं, अन् जहांआराच्या घरातल्या आमच्या सगळ्या चेल्यांचं. बास. दुसरं काय नको."

यातूनच अन्सार शेठ गिरणीत आला. शेठ म्हणायचं म्हणून म्हणायचं; वाळूजला त्याचा पत्रा दाबायचा लहानसा कारखाना, एक प्रेस, एक टेंपो आणि तोंड मोठं. प्रेस बसली त्या दिवशी जहांआरानं तिच्यावर पहिली टाळी वाजवली होती, आणि तेव्हापासून ऑर्डर थांबली नाही, असं तो शपथेवर सांगायचा.

"मांगने का छोड दे," तो सत्यभामेला म्हणाला. "मंडळ कर, रीतसर. गणपतीवाले करते, उरूसवाले करते. तुम लोगां काहेकू नै?"

"मंडळ करून काय करू? आरती?"

"वकील. स्टँप पेपर. गॅझेट. और दवाखाने में ऐसा फिर हुआ तो कोरट." अन्सार पोत्यावर बसला. "हमारी प्रेस बसवायला जर्मनीचा साहेब आया था ना? उसने बोला. उनके उधर तुम्हारे जैसों के मंडळ हैं, हक्क मांगते, कोरट में जाते. और दुकानवाले, कारखानेवाले चंदा देते. चोरी से नै, खुल्लमखुल्ला. काच पे चिठ्ठी लावते, की हम इनकू मदद करते."

"काचेवर?" मी म्हटलं. "आमच्याकडं काचेवर 'उधार बंद' सोडून काही लावत नाहीत."

"वोइच तो," अन्सार म्हणाला.

मग दोघं वाळूजचे लहान कारखाने फिरले. सत्यभामेनं टाळी न वाजवता मागितलं. हे तिला लई जड गेलं. ती म्हणायची, टाळी वाजवली की शेठ लोक भिऊन लगेच देतात अन् दार लावतात. पण बोलायला लागलं की आधी खुर्ची द्यावी लागते, अन् मग त्यांनाच घाम फुटतो. तरी बरेच जण हो म्हणाले. क्रोम चढवायचा कारखाना असलेला साहेबराव तर म्हणाला, माझ्याकडून जास्तच घ्या. पण अट सगळ्यांची एकच. नाव कुठं येऊ देऊ नका.

"बघा वैनी," सत्यभामा म्हणाली, "नाव येऊ नये या अटीवर हे देऊ लागले, अन् मी मागती तर नावासाठीच."

पावतीशिवाय पैसा घ्यायचा कसा? तोडगा तिनंच काढला. बारसं करायचं. जहांआराच्या घरातल्या सगळ्यांचं, पाळणा टांगून, चारचौघांत. आहेराला कुणी पावती मागत नाही आणि ताटात कुणी काय टाकलं ते बघायचं नसतं.

"अन् पाळणा?" मी म्हटलं. "माझ्या घरचा देईन, पण तू बसलीस की त्याचं तेरावं घालावं लागंल."

"पाळणा हम बनाते," अन्सार म्हणाला. आणि बनवला. कारखान्यात दुपारचं काम थांबवून, अँगल कापून, साखळ्या लावून. टेंपोतून उतरवला तेव्हा गल्ली जमली. दोन माणसं मावतील एवढा. काळा, रंग न दिलेला. गिरणीवाले म्हणाले, हा पाळणा नाही, पिंजरा दिसतो. कुणी हसलं नाही तेव्हा त्यांनाच कसंतरी झालं.

हे सगळं त्या हिवाळ्यात, ज्या हिवाळ्यात शहरात दुसरी गोष्टच नव्हती. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही. पंधरा वर्षांचा तो प्रश्न आता सुटणार, आज सुटणार, उद्या सुटणार, असं चाललेलं. भिंती रंगलेल्या. संध्याकाळी दुकानांची फळी अर्धी खाली. पिशोरची एसटी सकाळी सुटली तर संध्याकाळी परत येईलच असं नाही. गिरणीत लोक दळण ठेवून जायचे आणि न बोलता घेऊन जायचे. न बोलता! माझ्या गिरणीत! पट्ट्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं.

बारशाचं कापड रंगवायला कारभारी पेंटरला दिलं होतं. लिहायचं होतं, "नामकरण सोहळा". त्यानं कापड आणलं, दोन कडुलिंबांच्या मध्ये, दौलताबाद रस्त्यावरून दिसेल असं गल्लीच्या तोंडावर बांधलं आणि खाली उतरून बघितलं. मग तो खालीच बसला.

लाल अक्षरात लिहिलं होतं, "नामांतर सोहळा. सर्वांनी यावे."

"अरे कारभारी!" मी ओरडले.

"हाताला सवय लागली हो काकू," तो रडकुंडीला आला होता. "महिनाभर दुसरा शब्द लिहिलाच नाय. एक येतो, म्हणतो नामांतर झालंच पायजे असं लिही. दुसरा येतो, म्हणतो नामांतर होऊ देणार नाय असं लिही. मधला शब्द त्योच. ब्रश आपोआप वळतो."

"अन् पैसे दोघांचे घेतोस?"

"रंग तर दोघांनाही लागतोच की."

तो काढायला शिडी लावू लागला तेवढ्यात सत्यभामा आली. वर बघत राहिली. तिला वाचता जेमतेम येतं. एकेक अक्षर लावलं. ना, मां, त, र. आणि म्हणाली, "राहू दे."

"सत्यभामे, हा शब्द आज रस्त्यावर ठेवायचा नसतो," मी म्हटलं.

"का? खोटं कुठं हाय? माझं काय चाललंय मग?"

कारभारी शिडी घेऊन गेला. मी दिवसभर तिला छेडलं, रागवले, पीठ देणार नाही म्हणाले. तिनं पान लावलं आणि रुसून बसली. कापड वाऱ्यावर फटफट वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकल गिरणीसमोर थांबली. मागे बसलेल्यानं लाल स्वेटर घातलेला. इंजिन बंद केलं नाही.

"नामांतरवाला कुठं राहतो इथं?"

"नामांतरवाला नाही, बारसंवाली," मी म्हटलं. "हिजड्यांचं बारसं आहे, भाऊ. जाऊ नका तिकडं. बिनलग्नाचा पोरगा दिसला की ओटीतच घेतात."

तो हसला नाही. लोक माझ्या थट्टेवर हसत नाहीत याची मला सवय आहे. पण तो माझ्याकडं, मग गिरणीच्या पाटीकडं, मग मागच्या गल्लीकडं बघत राहिला, जणू रस्ता पाठ करतोय. मग गेले. धुराचा वास बराच वेळ गेला नाही.

संध्याकाळी साहेबरावाचा निरोप आला. आहेर नंतर बघू, सध्या हवा बरी नाही. मग दुसऱ्याचा आला. मग तिसऱ्याचा. अन्सारनं कपाळाला हात लावला, पण म्हणाला, "मैं तो आता. मेरा पाळणा है."

बारशाच्या सकाळी पिशोरच्या एसटीतून आक्काबाई उतरली. हातात काठी, डोक्यावर घोंगडी, तोंडात दात नाहीत, आणि डोळे असे की मेंढरू तर सोडाच, लांडगासुद्धा वळावा. सत्यभामेनं तिला बोलावलं होतं, कारण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आणि जुनं नावही हिनंच ठेवलेलं. तिच्याशिवाय ते उतरणार कसं?

आक्काबाई सत्यभामेच्या साडीकडं बघत उंबऱ्यावरच बसली.

"साडी नेस, चुडा भर, मला काय बी नाय," ती म्हणाली. "नाव नको काढू. त्या नावावर जगलास तू."

"आत्या, त्या नावानं मी लई मेले गं."

"मेला असतास तर असा बोलला असतास का? तिनं तुझ्या भावंडांना नेलं. सोन्यासारखी नावं ठेवली हुती त्यांची. एकेक करून नेलं. तुला चाखलं अन् थुकलं. आता गोड नाव घेऊन बसतोस? अन् वर रस्त्यावर लिहून लावतोस?" आक्काबाईनं दाराकडं बघितलं. "ऐकू जाईल तिला."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

चार वाजता मांडवात आम्ही जमलो ते असे: सत्यभामा आणि तिच्या घरातल्या, गल्लीतल्या चार बायका, मी, गिरणीवाले, अन्सार आणि त्याचा टेंपो. बाकीच्या कारखानेवाल्यांपैकी कुणी नाही. आहेराचं ताट पाळण्याखाली ठेवलेलं, त्यात माझा एक खण-नारळ आणि अन्सारचं पाकीट. घुगऱ्यांचं पातेलं शिगोशीग भरलेलं. शिजवताना मंडळाच्या मापानं शिजवल्या होत्या.

एवढ्यात रस्त्यापलीकडच्या वस्तीतला सूर्यभान गवंडी आला. हातात झेंडूचा हार. मागे दोघं-तिघं. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत गावाकडचं घर जळलं तेव्हा बायकोपोरांना घेऊन रातोरात इकडं आलेला हा माणूस; एरवी मान खाली घालून वीट रचणारा. तो मांडवात आला, लोखंडी पाळणा बघितला, नटलेल्या साऱ्याजणी बघितल्या आणि थबकला.

"जय भीम," तो म्हणाला. "कापड वाचून आलो. आमचं वाटलं."

सत्यभामा पुढं झाली. "भाऊ, नाव माझं हाय. बारसं हाय आमचं. पेंटरनं चुकून लिहिलं अन् मीच राहू दिलं. राग आला तर बोला."

सूर्यभाननं एकदा कापडाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग हार पाळण्याच्या साखळीला बांधला. "बसतो मग," म्हणाला. "घुगऱ्या तर देशील?"

मला तेव्हा वाटलं, निभावलं. मी ताबडतोब जोरात बोलायला लागले. पाळण्यात आधी सत्यभामा बसली. साखळ्या करकरल्या. पाळण्यावरून बाळ द्यायचं, पाळण्याखालून घ्यायचं, अशी रीत. आता हिला वरून द्यायचं कसं, यावर बायकांनी एवढा दंगा केला की अन्सार लाजून टेंपोमागं गेला. शेवटी तिची पितळी पानाची डबीच वरखाली केली. मग कानात नाव सांगायची वेळ आली आणि सगळे उंबऱ्याकडं बघू लागले.

आक्काबाई हलली नाही. मी म्हटलं, "चला, मी होते आत्या. हिचे लाड मला नाहीतरी करावेच लागतात."

तेव्हा म्हातारी उठली. काठी टेकत आली, घोंगडी दोघींच्या डोक्यावर ओढली आणि सत्यभामेच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्र" एवढं ऐकू आलं. पुढचं घोंगडीत राहिलं. रीतीप्रमाणं बायकांनी म्हातारीच्या पाठीत बुक्क्या घातल्या, हलक्या, हसत. "मोठ्यांदा सांगा आत्या! नाव सांगा!"

आक्काबाईनं तोंड उघडलं.

पहिला दगड ताडपत्रीवर पडला. आम्हाला वाटलं वरून काहीतरी निसटलं. दुसरा घुगऱ्यांच्या पातेल्यात. मग गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली दिसल्या, आणि त्यांच्यामागं चालत येणारी माणसं. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

लाल स्वेटरवाला पुढं आला. हातात लोखंडी नळी. मांडवभर नजर फिरवली. सूर्यभानवर थांबला, मग पाळण्यावर. त्याला हसू आलं.

"पेंटर म्हणतो चूक झाली," तो म्हणाला. आवाज अगदी साधा, दळणाचा भाव विचारावा तसा. "चूक झाली असं म्हण. अन् ते कापड आपल्या हातानं फाड. आम्ही चाललो."

सत्यभामा पाळण्यात उभी राहिली. साखळ्या हलत होत्या म्हणून एक हातात धरली होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण गं. म्हण की चूक झाली. झालीच आहे चूक. तिनं सूर्यभानकडं बघितलं. तो हातात घुगऱ्या घेऊन तसाच बसला होता, मान वर.

"चूक नाय," ती म्हणाली. "नामांतरच हाय."

"कुणाचं?"

"माझं."

"नाव काय तुझं?"

आणि मागून आक्काबाई किंचाळली. "कडूबा! कडूबा हाय त्यो! माझ्या भावाचा पोरगा, येडा हाय, नाटकं करतो! सोडा त्याला, बाबा!"

माणसं हसली. खरंच हसली. "कडूबा?" स्वेटरवाला म्हणाला आणि नळी खाली आली. "ये कडूबा, उतर." आता तिनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मी तर त्यांना हवं ते नाव सांगितलं असतं, गिरणीवाल्यांचंसुद्धा.

"सत्यभामा," ती म्हणाली.

पुढचं मी फार बघितलं नाही. पाळणा उलटला त्याचा आवाज ऐकला. सूर्यभान आडवा आला, त्याचं डोकं फुटलं. आक्काबाई पोरीच्या अंगावर पडली आणि ज्या पाठीवर आम्ही आत्ताच हसत बुक्क्या घातल्या होत्या त्या पाठीवर काठ्या बसल्या. कापड त्यांनीच ओढून पेटवलं. जळताना त्यातला एकच शब्द शेवटपर्यंत वाचता येत होता. मग ते जसे आले तसे गेले, घाई न करता.

अन्सारच्या टेंपोची काच फुटली होती, पण गाडी चालू झाली. सूर्यभान डोक्याला माझा फाडलेला पदर बांधून पुढं बसला. मागं सत्यभामा, तिचं डोकं आक्काबाईच्या मांडीवर. उजवं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. रस्त्यावर एकही दुकान उघडं नव्हतं. काचेच्या जागेतून गार वारा आत येत होता.

दवाखाना तोच. व्हरांडाही तोच. खिडकीतल्या माणसानं केसपेपर पुढं ओढला. "नाव?"

अन्सारनं माझ्याकडं बघितलं. मी अन्सारकडं. सत्यभामा स्ट्रेचरवर डोळे मिटून; तिच्या एका बाजूला पुरुषांच्या वॉर्डाचं दार, दुसऱ्या बाजूला बायकांचं. वॉर्डबॉय विचारू लागला, कुठं घ्यायचं? सिस्टर दारात आली. सगळं पुन्हा तसंच मांडलं जात होतं.

"नाव सांगा लवकर," खिडकीतला म्हणाला.

आक्काबाई काठीवर वाकून खिडकीपाशी गेली. सरळ उभं राहता येत नव्हतं तिला. एकदा बाहेरच्या दाराकडं बघितलं. तिथं अंधारून आलं होतं.

"सत्यभामा," ती म्हणाली. "लिही. माझ्या भावाची पोरगी हाय."

खिडकीतल्यानं मान वर केली. स्ट्रेचरकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं काठी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्यानं लिहिलं. स्ट्रेचर बायकांच्या दारानं आत गेलं.

आक्काबाई बाकावर बसली. मी तिला पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत्या, शेवटी ठेवलंत ना नाव मोठ्यांदा."

"ठेवलं," ती म्हणाली. पाणी तसंच हातात. "आता तिला सापडंल गं ही."

संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं, जुन्या नावाला जोडून. शहरात पेढेही वाटले आणि दगडही पडले. सूर्यभाननं आम्हाला पेढा आणून दिला, टाके अजून निघाले नव्हते. अन्सारनं टेंपोला नवी काच बसवली आणि कारभारीकडून, फुकट, तिच्यावर चिठ्ठी लिहून घेतली: आम्ही सत्यभामेच्या मंडळाला मदत करतो. खाली स्वतःचं नाव, कारखान्याचं नाव. या वेळी कारभारीनं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिलं. तेव्हापासून अन्सारची ऑर्डर पातळ होत गेली. कंपनीनं कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. काच नंतर पुन्हा फुटली. त्यानं पुन्हा बसवली, पुन्हा चिठ्ठी. साहेबरावानं एकदा ती वाचली आणि गाडी लांब लावून गेला. पण वकिलाची फी कुणीतरी परस्पर भरली ती त्याच आठवड्यात. नाव आलं नाही.

गॅझेटात सगळ्यांची नावं आली. सत्यभामेचं मनगट वाकडं जुळलं. टाळी वाजत नाही आता. हात हातावर येतो, पण आवाज कणिक थोपटल्यासारखा. बारशाला गेली की ती दारातून नुसतं सांगते, मी सत्यभामा आले. लोक देतात. मी तिला म्हटलं, तुझी टाळी गेली आणि माझ्या गिरणीचा पट्टा वाचला. ती रुसली. बरं वाटलं.

एकदा मी तिला विचारलं, घोंगडीत आत्यानं कानात काय सांगितलं होतं गं?

"कुर्र म्हणाली," ती म्हणाली. "अन् मग म्हणाली, हळू हाक मारीन, चालंल का?"

आक्काबाई पिशोरला परत गेलीच नाही. पाठीमागच्या खोलीत उंबऱ्यावर बसलेली असते, काठी मांडीवर आडवी. बाहेरून कुणी "सत्यभामा" म्हणून हाक मारली, दूधवाल्यानं, पोस्टमननं, मीसुद्धा, की ती सत्यभामेला उठू देत नाही. आधी स्वतः उठते, दाराला कडी आहे का बघते, आणि फटीतून विचारते, "कोण हाय?"